झाडपाल्याचं म्हणून दिलेलं मलम

लग्न होऊन मी प्रताप नगरच्या घरी आले तेव्हा माझी आई जाऊन फार दिवस झाले नव्हते. मोठ्या जाऊबाईंना मी ताई म्हणू लागले आणि मनातलं सगळं त्यांनाच सांगू लागले. त्या उमरेडच्या. तिथं त्यांच्या भावाचं औषधांचं दुकान होतं.

मला इसब होता. दोन्ही हात आणि पोटऱ्या उन्हाळ्यात घामानं अशा पेटायच्या की झोप लागत नसे. मी प्राथमिक शाळेत शिकवत होते. फळ्यावर लिहायला हात वर केला की मुलं अक्षरांऐवजी हाताकडं बघायची. एका डॉक्टरच्या मलमानं कातडी भाजून निघाली, तेव्हापासून मी डॉक्टरी मलम लावायचं नाही असं ठरवलं होतं.

एकदा माहेराहून येताना ताईंनी चिनी मातीची बरणी आणली. आत हिरवट मलम, करंजाच्या तेलाच्या वासाचं.

"आमच्याकडं एक म्हातारा बुवा झाडपाल्याचं औषध देते," त्या म्हणाल्या. "लावून तं पाह्य वं. रातच्याले वरून प्लास्टिक गुंडाळून ठेवजो."

आठवड्याच्या आत खाज थांबली. हात इतके साफ झाले की मी लग्नातल्या हिरव्या बांगड्या पुन्हा घातल्या. गल्लीतल्या बाया विचारायला आल्या आणि ताई त्यांनाही छोट्या डब्यांतून मलम देऊ लागल्या. एरवी चार लोकांत न बोलणाऱ्या ताई ओट्यावर बसून कुणाला किती लावायचं ते समजावत. मला त्यांचा अभिमान वाटायचा. वर्षभर मी ते मलम रोज, सढळ हातानं लावलं. कातडी पातळ झाली, टेबलाचा कोपरा लागला तरी जांभळा डाग पडे, पण खाज नव्हती, आणि मला तेवढं पुरेसं होतं.

मग मोरीत पाय घसरून मी पडले. कंबर धरली. ताईच मला रिक्षात घालून दवाखान्यात घेऊन गेल्या. डॉक्टरांनी दुखण्याच्या गोळ्या लिहिल्या आणि विचारलं, "दुसरं काही औषध सुरू आहे? खायचं, लावायचं?"

"फक्त झाडपाल्याचं मलम लावते," मी म्हटलं आणि ताईंकडं पाहिलं. त्या शेजारच्याच स्टुलावर होत्या. त्यांनी पदर सारखा केला.

"मग हरकत नाही," डॉक्टर म्हणाले.

गोळ्यांनी कंबर सुटली, म्हणून मी त्या घेत राहिले. काही दिवसांनी पोटात आग पडू लागली. शौचाला डांबरासारखं काळं होऊ लागलं, ते मी लाजेनं कुणाला सांगितलं नाही. एका सकाळी वर्गात हजेरी घेताना डोळ्यांपुढं अंधारी आली आणि रक्ताची उलटी झाली.

इस्पितळात बाटल्या लावल्यावर डॉक्टरीणबाईंनी माझे हात उलटसुलट करून पाहिले. सुजलेला, गोल झालेला चेहराही पाहिला. मी मलमाचं सांगितलं तशी त्यांनी मान हलवली. "झाडपाल्यानं असं होत नाही. कोण आणून देतं?"

ताई खाटेच्या पायथ्याशी उभ्या होत्या.

"त्यात काय आहे ते मला कळलंच पाहिजे," डॉक्टरीणबाई त्यांना म्हणाल्या. "नाहीतर पुढचं औषध ठरवता येणार नाही."

ताई डॉक्टरीणबाईंच्या कानाशी लागल्यासारखं हळू बोलल्या. भावाच्या दुकानातल्या ट्यूबा. स्टेरॉइडचं मलम. त्यात त्या कडुनिंबाचा पाला आणि करंजाचं तेल कालवायच्या. बुवा कुणी नव्हताच. हे त्यांनी मला सांगितलं नाही, डॉक्टरीणबाईंना सांगितलं. मी समोर पडून ऐकलं.

नंतर डॉक्टरीणबाईंनी मला समजावलं. पोटात जखम एकट्या गोळ्यांनीही होऊ शकते. पण इतक्या अंगावर, प्लास्टिक बांधून, इतके महिने लावलेलं मलम कातडीतून रक्तात उतरतं, आणि दोन्ही मिळून पोटाचा धोका वाढतो. नेमकं कशानं झालं हे त्या ठामपणे सांगू शकत नव्हत्या. गोळ्या लगेच बंद झाल्या. मलम एकदम सोडणंही धोक्याचं, म्हणून त्यांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करायचं ठरलं.

घरी आल्यावर ताई एकट्या सापडल्या तेव्हा मी विचारलं, "त्या दिवशी डॉक्टरनं विचारलं तवा तुमी बाजूलेच होत्या. काहून नाही सांगतलं?"

गहू निवडता निवडताच त्या म्हणाल्या, "तू ट्यूब लावतच नोयती. तुले बरं वाटावं म्हणून केलं होतं मी."

"ते पयल्या दिवशीचं झालं. मी दवाखान्यातलं विचारून राहिली."

"सांगतलं असतं तं गल्लीतल्या बायाईनं काय म्हटलं असतं मले?"

गल्लीतल्या बायांना आता तरी सांगा, असं मी म्हटलं. त्या गेल्या नाहीत. मग भिंतीला धरत मीच घरोघरी गेले. दोघीचौघींनी डबे फेकले. बाकीच्यांना वाटलं, जावाजावांचं भांडण आहे. एक तर तोंडावर म्हणाली, "तिच्या हाताले गुण आहे, तुले पाहवत नाही."

इसब दुपटीनं उलटला. मी लांब बाह्यांची पोलकी शिवून घेतली आणि भर उन्हाळ्यात ती घालून शाळेत गेले. अशक्तपणात माझं पथ्याचं ताईच करत. त्यांनी पुढं ठेवलेल्या ताटाकडं मी नुसती बघत बसे. काही दिवसांनी त्या आपणहूनच सांगू लागल्या, "भात आहे, दूध आहे, साखर आहे." रोज, दोन्ही वेळा, खाली मान घालून. मी जेवायची. पण त्यांना पुन्हा ताई म्हणून हाक मारणं मला जमलं नाही. हुडकेश्वरला वेगळं घर केलं तोवर मी त्यांच्याशी नावानात्याशिवायच बोलत राहिले.