दोन दारांच्या मधे

किडेवालीला कुणी विचारलं, की बाई गं, त्या जाळीच्या शेडमध्ये तू दिवसभर करतेस तरी काय, तर ती म्हणायची, "दारं लावते." लोकांना वाटायचं, थट्टा करतेय. पण त्यात खोटं काही नव्हतं. शेडला दारं दोन, एकामागे एक, आणि त्यांच्या मधे जेमतेम एक माणूस वळेल एवढी खोली. एका दाराची कडी लागल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही, हा तिथला नियम. बाहेर पडताना मधल्या खोलीत आरशासमोर थांबायचं, कोट काढून उलटा करून झटकायचा, केस सोडून विंचरायचे, चपलांचे तळवे बघायचे, कानामागून बोट फिरवायचं. अंगावर एक जरी किडा सापडला तरी उलट पावली आत. लग्नात मिरवताना घालवला नसेल एवढा वेळ ती रोज त्या आरशासमोर घालवायची, आणि तोसुद्धा एका भुंग्यापायी!

भुंगा केवढा म्हणाल, तर तांदळाच्या दाण्याएवढा. करडा, पुढे वाकडी सोंड, दिवसा मेल्याचं सोंग घेऊन पडून राहणारा. खाण्याच्या बाबतीत मात्र वस्ताद. त्याला जलपर्णी लागायची. जलपर्णीशिवाय दुसरं काही दिलं तर तोंड फिरवायचा आणि उपाशी मरायचा. त्याच्या ह्या हट्टीपणावरच सगळी भिस्त होती.

आता ही जलपर्णी कोण, तेही सांगून टाकतो. ती इथली नव्हेच. कुण्या हौशी माणसाला तिची जांभळी फुलं आवडली, त्यानं लांबच्या मुलखातून आणून बागेतल्या हौदात सोडली. हौद भरला तेव्हा उपसून ओढ्यात फेकली. झालं! ओढ्यातून ती आली तळ्यात. तिच्या माहेरी तिला कुरतडणारे, पोखरणारे, धाकात ठेवणारे ढीगभर होते. इथं ती एकटीच आली. ना सासू, ना नणंद, ना कुणी विचारणारं. मग काय, पसरले हातपाय. काही वर्षांत एवढं मोठं तळं या काठापासून त्या काठापर्यंत हिरवंगार झालं. बाहेरून आलेले लोक म्हणायचे, "वा, काय सुंदर हिरवळ आहे!" अशांना धरून बुडवावं असं किडेवालीच्या नवऱ्याला वाटायचं, पण बुडवायला तरी पाणी दिसायला हवं ना.

हिरवळीच्या खाली काळोख होता. ऊन पोचेना म्हणून पाण्यातलं शेवाळ मेलं. शेवाळावर जगणारे बारके मासे गेले, त्यांच्या मागे मोठे गेले, आणि माशांवर टपून बसणारे पक्षी दुसरं तळं शोधायला निघून गेले. डास तेवढे मुक्कामाला राहिले.

नवरा नावाडी. या काठावरची माणसं त्या काठाला नेऊन सोडायची, हा त्याच्या घरचा पिढीजात धंदा. माणूस मोठा बोलका. होडीत बसलेल्याच्या पोटातलं दुसरा काठ येईपर्यंत काढून घ्यायचा. जलपर्णीत वल्हं रुतायला लागलं, मग होडीच रुतली, आणि लोक वळसा घालून बसनं जायला लागले. होडी धक्क्यावर पालथी पडली. हा रोज जाऊन तिच्यावर बसायचा आणि जेवायच्या वेळेला घरी यायचा. बोलणं तर बंदच. घरात एखादं भांडं पडलं तर त्याचा आवाज मोठा, याचा नाही. त्याच्या चुलतभावानं दूर शहरातल्या गोदामावर पहारेकऱ्याचं काम बघून ठेवलं होतं. "थंडी पडायच्या आत जातो," एवढंच तो म्हणाला होता. एकदा गेला की तो परत येणार नाही, हे किडेवालीला पक्कं ठाऊक होतं. पाण्यावर वाढलेला माणूस गोदामाच्या दाराशी उभा राहून राहून वाळून जाईल, याचंही तिला फार वाईट वाटायचं.

घरात तिसरे तिचे सासरे. म्हाताऱ्यानं तळ्याच्या एका कोपऱ्यात बांबू आडवे बांधून अंगणाएवढं पाणी वेगळं काढलं होतं, आणि त्यात कमळं राखली होती. बांबूखालून जलपर्णी घुसायचीच. म्हातारा रोज सकाळी गुडघाभर पाण्यात उतरून ती हातानं उपटून काढायचा आणि तिला मनसोक्त शिव्या द्यायचा. बाकी सगळं तळं हातचं गेलं, तरी फुलवाल्याकडे त्याची कमळं जात होती. सगळ्या तळ्यात पाणी म्हणून बघायला मिळायचं ते त्या कोपऱ्यात. तिथं अजून बेडूक होते, चतुर होते, आणि कमळाच्या पानावरून पळत जाणारा एक लांब बोटांचा पक्षी होता. म्हातारा त्याला 'आमचे जावई' म्हणायचा, कारण तो पक्षी काही काम न करता तोऱ्यात फिरायचा.

शेडवरच्या संशोधक बाईंनी हे भुंगे जलपर्णीच्या मूळ मुलखातून मागवले होते. बाई उंच, चष्मा कपाळावर ढकलून मग तोच शोधत बसणाऱ्या, पण कामात एकदम चोख. त्यांचं म्हणणं असं, की बाहेरून आलेल्या एकीला आवरायला बाहेरून दुसरा आणायचा, तर आधी त्याची परीक्षा घ्यायची. भातावर ठेवा, भाजीवर ठेवा, काठच्या गवतावर ठेवा. कुठंही त्यानं दात लावला, तर दार उघडायचं नाही. किडेवालीनं या सगळ्या परीक्षा जवळून पाहिल्या होत्या. दर वेळी भुंगे उपाशी मेले आणि दर वेळी बाई खूश झाल्या. राहिलं होतं फक्त कमळ. कुंडीत ते धरेचना. दोनदा कुजलं, तिसऱ्यांदा कुठं पान आलं.

"मग अडलंय कशाला?" नवरा विचारायचा. तेवढ्यापुरता त्याला कंठ फुटायचा. "शेडमध्ये हजारो आहेत म्हणतेस. त्यातले मूठभर इकडे आले तर कुणाचं काय जातंय?"

"कमळाची परीक्षा व्हायचीय अजून."

"अगं, भाताला शिवला नाही तो कमळाला कशाला शिवेल? तूच सांगतेस ना, उपाशी मरतो पण दुसरं खात नाही म्हणून?"

"बाईंची सही झाल्याशिवाय नाही. मला विचारू नका, अहो."

"नाही विचारत. तुझ्या सहीला बस तू कुरवाळत."

आणि एका दुपारी त्यानं माळ्यावरची पेटी खाली काढली. कपडे घड्या करून भरले. भांडला नाही, ओरडला नाही. ओरडणाऱ्या माणसाची समजूत काढता येते. हा तर आपल्या सदऱ्याची तुटलेली गुंडी लावत बसला होता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी किडेवाली मधल्या खोलीत उभी राहिली. कोट झटकला. केस विंचरले. चपला पाहिल्या, कानामागून बोट फिरवलं. सगळं यथासांग केलं, फक्त जेवणाचा डबा उघडून पाहिला नाही. त्याच्या तळच्या पुडीत काय होतं, ते तिला ठाऊकच होतं. बाहेरच्या दाराची कडी काढताना तिचा हात जरासुद्धा कापला नाही. कापायला हवा होता, असं तिला पुढे फार वाटायचं.

नवऱ्यानं ते भुंगे धक्क्यापाशी जलपर्णीवर सोडले, एकेक करून, लहान मुलाला झोपाळ्यात ठेवावं तसे. त्याच रात्री पेटी माळ्यावर गेली. मग तो रोज सकाळी उठला की म्हणायचा, "पाव्हणे जेवले का बघून येतो." आधी पानांवर खरवडल्याच्या खुणा दिसल्या. मग देठ तपकिरी पडायला लागले. महिने उलटले तशी धक्क्याभोवतीची जलपर्णी मलूल झाली, आणि नावाड्याच्या जिभेला धार आली. तो पुन्हा कुणाकुणाच्या खोड्या काढायला लागला, जेवताना दुसऱ्यांदा वाढून घ्यायला लागला. त्यानं पालथ्या होडीला डांबर लावून ती सुलटी केली. किडेवाली त्याच्याकडे बघून हसायची, आणि शेडच्या मधल्या खोलीत उभी राहिली की तिचा जीव घुसमटायचा. मागे एक दार बंद, पुढे एक दार बंद, आणि आरशात आपलंच तोंड. पण कमळाच्या कुंडीतले भुंगे मरताहेत ना, मग झालं, असं ती स्वतःला समजवायची. मरत होते, हे खरंच होतं. सगळे मात्र मरत नव्हते.

"इकडे या जरा," एके दिवशी बाई म्हणाल्या. त्यांनी कमळाचा देठ पात्यानं उभा चिरला होता. आत एक बारीक पांढरी अळी होती. तिच्या मागे पोखरलेली वाट होती, पुढे अजून न पोखरलेला देठ.

"नुसतं पान चाखलं असतं तर मी एक वेळ सोडून दिलं असतं," बाई म्हणाल्या. "उपाशी जीव काहीही चघळतो. पण ह्यानं इथं अंडी घातलीत. संसार मांडलाय." त्यांनी चष्मा कपाळावर ढकलला आणि खुर्चीत बसून राहिल्या. इतक्या वर्षांची मेहनत पाण्यात गेली होती, आणि बाईंना रडू येतंय की काय, असं किडेवालीला वाटलं. पण बाई मान हलवून म्हणाल्या, "जाऊ दे. यासाठीच तर परीक्षा असते. एकदा बाहेर पडला असता, तर त्याला कुणाच्या बापाला परत बोलावता आलं नसतं. दारं नीट लावलेली होती, म्हणून वाचलो आपण. ती शिस्त तुमची आहे हं."

बाई, मी सोडलेत, असं म्हणायला किडेवालीनं तोंड उघडलं, आणि मान खाली घालून पुन्हा मिटलं. बाईंना वाटलं, कौतुकानं लाजली. सगळे पिंजरे भट्टीत घालायचे ठरले. किडेवाली एकेक पिंजरा उचलून नेत होती, भट्टीचं झाकण लावत होती, आणि मनात म्हणत होती, हे बिचारे आतले मेले, आणि ते बाहेरचे जेवताहेत. कुठं पळून जावं तर कुठं? घरी नवरा, इथं बाई, मधे आपण. भिंतीवर डोकं आपटावं असं तिला वाटलं, पण भिंतीसुद्धा जाळीच्याच होत्या.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा नावाडी धक्क्यावर उभा होता आणि दोन्ही हात हलवत होता. "अगं ये, ये लवकर! पाणी दिसलं! हे बघ, होडी हलतेय!" खरंच, सडलेल्या देठांमधून होडीपुरतं काळं पाणी उघडं पडलं होतं, आणि तो एखाद्या पोरासारखा त्यात वल्हं बुडवून दाखवत होता. त्याला आता काय सांगायचं? ती "हो, हो" म्हणाली आणि थांबली नाही. सरळ बांबूच्या कोपऱ्याकडे गेली.

सासरे पाण्यात उभे होते. तिला बघून म्हणाले, "बरी आलीस. मी तुझीच वाट बघत होतो. हे काय लागलंय गं? परवापासून दोन पानं माना टाकून बसलीत. किड्यांतलं मला काय कळतंय, तू सांग." त्यांनी एक कमळाचं पान उचलून धरलं. त्यावर खरवडल्याच्या खुणा होत्या, जलपर्णीच्या पानावर असायच्या तशाच. देठाशी एक करडा दाणा मेल्याचं सोंग घेऊन पडला होता.

खोटं बोलायला अजूनही जागा होती. ऊन लागलं असेल, पाणी खराब झालं असेल, म्हाताऱ्यानं ऐकलं असतं. त्यांचा तिच्यावर तेवढा विश्वास होता.

"बाबा," ती डोळे पुसत म्हणाली, "हे माझेच आहेत. शेडमधले. मीच आणले, ह्यांनी जाऊ नये म्हणून. उद्या बाईंना जाऊन सांगणार आहे मी."

म्हाताऱ्याच्या कपाळावरच्या आठ्या एकदम गेल्या. "अगं, मग एवढी रडतेस कशाला? मला वाटलं, कुठली नवीन पीडा आली. तुझेच आहेत ना? मग घेऊन जा की परत."

ती साडी खोचून पाण्यात उतरली. तिला नीट दिसावं म्हणून म्हाताऱ्यानं ते पान उजेडाकडे वळवलं, आणि ती किडे वेचत होती तोवर तिच्यासाठी धरून उभा राहिला.