उद्याचा शब्द

माझा स्वभाव मुळातच संशयी. भाजीवाल्यानं फुकट कोथिंबीर घातली तरी मी खालचे टोमॅटो काढून बघते. अशा बाईच्या हाती सातवीचा वर्ग दिल्यावर पोरांची धडगत नव्हती.

गेल्या वर्षी माधवनगरच्या आमच्या शाळेत मी एक जुनी कादंबरी वाचून दाखवत होते. पानोपानी मोट, शिंकं, उतरंड असले शब्द, आणि वर्गात कुणी त्या वस्तू पाहिलेल्या नाहीत. म्हणून मी एक पद्धत पाडली. प्रत्येकानं रोज एक शब्द घरी न्यायचा, मोठ्या माणसाला विचारायचं आणि दुसऱ्या दिवशी वर्गात सांगायचं. मोबाईलला हात लावायचा नाही. लावला, तर कादंबरी संपेपर्यंत शब्द बंद.

बहुतेकांचे अर्थ अर्धवटच यायचे. ‘आजी म्हणली, असतंय कायतरी.’ एका मुलीचे मात्र नको इतके चांगले. शब्द घ्यायलाही सगळ्यांच्या आधी हात तिचा. घरात ती आणि आई, दोघीच. आई कर्नाटकातली, कुपवाडला कारखान्यात जाणारी, मराठी बोलताना अजून अडखळणारी. मग मांजराची उडी बघून शिंकं किती उंच टांगायचं, हे या पोरीला सांगत होतं कोण? मला रागच यायला लागला. एवढीशी पोर मला बनवते म्हणजे काय!

मी मुद्दाम तिला ‘पेव’ दिलं. जमिनीतलं धान्याचं कोठार, एवढं मोबाईल सांगतोच. बघू काय आणते.

शनिवारी सकाळच्या शाळेत ती उभी राहिली. “पेव उघडलं की लगीच उतरायचं न्हाई, बाई. आतली हवा वाईट असती. आदी कंदील सोडायचा. त्यो इजला तर माणूस सोडायचा न्हाई.”

“हे कुणी सांगितलं?”

ती खाली बघायला लागली.

“मोबाईलला हात लावलास?”

तिनं मान डोलावली. चोर सापडला म्हणून मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू! “आजपासून तुला शब्द नाही,” मी म्हणाले.

शाळा सुटल्यावर ती माझ्या टेबलापाशी आली. आता काहीतरी थाप ऐकायला मिळणार, असं मी धरूनच चालले होते.

“बाई, उठाबशा काढते. पन शब्द द्या.”

“म्हणजे परत मोबाईलमधून उतरवून आणायला?”

“उतरवत न्हाई. पप्पांना इचारते. ते फौजेत हायती. सांजच्याला त्यांचा फोन येतो.”

“मग हे वर्गात का नाही सांगितलंस?”

“तुमी मोबाईलला हात लावायचा न्हाई म्हणालासा.” तिचे डोळे भरले होते. “आदी पप्पा ‘जेवलीस का’ एवढंच इचारायचे आन् फोन ठिवायचे. आता शब्द दिला की लय बोलत्यात. आष्ट्याचं घर, त्यांची आजी, समदं सांगत्यात. आज शब्द न्हाई म्हणलं, तर काय बोलतील?”

मी कादंबरी उघडली आणि तिला ‘उतरंड’ दिली. शब्द पुटपुटत ती दारापर्यंत गेली.

तिथून मी तिला परत बोलावलं. उद्या रविवार होता. आणखी एक शब्द दिला.