नॉर्मनचे लीक

घेवड्याच्या शेंगा ओरबाडायच्या नसतात, देठाशी धरून तोडायच्या असतात, हे मला ऑड्रीबाईंनीच शिकवलं. त्या गुरुवारी मात्र त्या स्वतःच वेलावर तुटून पडल्या होत्या. वेलाबरोबर काठ्याही हलत होत्या.

सप्टेंबरचा मध्य. इंग्लंडात डरहॅमच्या आमच्या बाजूच्या कोळशाच्या खाणी केव्हाच बंद झाल्या, पण खाणकामगारांना भाजी पिकवायला भाड्याने दिलेले जमिनीचे तुकडे तसेच राहिले. या दिवसांत प्रत्येक तुकड्यावर काढणीची घाई. पत्र्यावर कांदे वाळताहेत, बटाटे पोत्यांत चाललेत, आणि खाऊन खाऊन कंटाळा आलेल्या झुकिनी फाटकाशी ठेवल्यात, कुणीही न्याव्यात म्हणून. हे सगळं खायचं. लीक तेवढे शनिवारच्या प्रदर्शनाचे. कांद्याच्या पातीचा थोराड भाऊच तो. आमच्याकडचा आखूड, पांढरा, आणि पहिलवानाच्या मनगटाएवढा जाड.

ऑड्रीबाईंचा तुकडा माझ्या तुकड्याला लागून. मी मेथी खुडत होतो, तेवढ्यात लीक क्लबचे अध्यक्ष ट्रेवर टोपी हातात घेऊन आले.

"ऑड्री, अजून रागावलीस?"

"छे! शेंगांना मारतेय नुसती."

"अगं, कमिटीने मनापासून ठरवलंय. यंदा तुझे लीक तुझ्या नॉर्मनच्या नावाने मांडायचे. बिचाऱ्याला शेवटचा मान. गावालाही बरं वाटेल."

"नॉर्मन गेला मार्चमध्ये. मी रोपं लावली एप्रिलमध्ये. वरून पाणी घालत होता का तो?"

"पण वाण तर त्याचाच ना?"

ऑड्रीबाईंनी टोपली आपटली. "कुणाचा? त्याच्या छातीत खाणीची धूळ भरली होती. त्या शेडमध्ये खुर्चीवर बसून तो रेडिओवर फुटबॉल ऐकायचा, आणि चर मी खणायचे. तू यायचास की गप्पा मारायला. चहा कोण द्यायचं तुला? चिखलाच्या हातांनी?"

"तेव्हा क्लबात बायका घेत नव्हते, ऑड्री. नियमच होता तसा."

"म्हणून त्याचं नाव लावलं. नवरा गोड माणूस होता, आमचं भांडण नव्हतं. पण आता नियम गेलाय. मी सभासद आहे. कार्डावर माझं नाव हवं, ट्रेवर. दुसरं काही मागत नाही मी."

"बघतो," ट्रेवर म्हणाले. दोन पावलं गेले आणि वळले. "आणि यंदा तरी त्या वाणाचं एखादं रोप देशील ना मला?"

हे मागणं जुनंच. जिंकलेला लीक आमच्याकडे कुणी खात नाही. त्याचा बुडखा परत मातीत रोवतात. पुढल्या उन्हाळ्यात त्याला फुलाचा गेंद येतो आणि गेंदावर इवले कोंब. वाण पुढे चालतो तो असा, पैसे मोजून मिळत नाही. ऑड्रीबाईंच्या वाणावर सगळ्या गावाचा डोळा होता.

"आधी नाव," त्या म्हणाल्या, "मग रोप."

शनिवारी त्यांनी तीन लीक दुधाने पुसून क्लबाच्या हॉलमध्ये आणले. एकाला झाका आणि दुसऱ्याला काढा, असे सारखे. ते मांडून आम्ही बाहेर थांबलो. परीक्षण संपलं, दार उघडलं. लाल कार्ड, पहिला नंबर. त्यावर ट्रेवरच्या वळणदार अक्षरात: कै. नॉर्मन थर्लवेल. कोपऱ्याला काळी फीत.

टाळ्या वाजल्या. दोघीतिघींनी डोळे पुसले. माझं डोकं तापलं, पण ऑड्रीबाई शांत उभ्या होत्या. ट्रेवर भाषणाला उभे राहिले. नॉर्मनचे हात, नॉर्मनची माती, नॉर्मनची चिकाटी. शेवटी म्हणाले, "आणि हो, आपल्या ऑड्रीनेही त्याला मदत केली बरं का."

ऑड्रीबाईंनी तिन्ही लीक उचलून काखेत मारले आणि त्या सरळ हॉलच्या स्वयंपाकघरात गेल्या. हरलेले लीक तिथे गावातल्या म्हाताऱ्यांसाठी सुपात जातात. मोठं पातेलं रटरटत होतं. त्यांनी सुरी घेतली आणि पहिला लीक बुडख्यापासून उभा चिरला.

"ऑड्री!" ट्रेवर धावत आले. "वेडी झालीस? वाण आहे तो!"

"नॉर्मनचा ना? मग नॉर्मनबरोबर गेला."

"अगं, त्याचं बुड तरी ठेव!"

"मदतनीस बाई मी. मला काय कळतंय बुडातलं?" दुसरा लीकही पातेल्यात गेला.

दारात अर्धा गाव जमला होता. ट्रेवरनी खिसे चाचपले, कोरं कार्ड काढलं, फ्रिजच्या दारावर टेकवून घाईघाईने लिहिलं आणि पुढे केलं. "हे घे. ऑड्री थर्लवेल, पहिला नंबर. झालं समाधान? आता तो तिसरा दे इकडे."

ऑड्रीबाईंनी हात पुसून कार्ड घेतलं. ओठ हलवत, अक्षर न् अक्षर वाचलं. मला वाटलं, सुरी खाली ठेवतील.

"तू माझं नाव लिहावंस म्हणून दोन लीक चिरावे लागले, ट्रेवर," त्या म्हणाल्या. "हा तिसरा तुझ्या उशिराचा."

आणि चिरला.

"मागच्या वर्षीच्या बुडख्याचा गेंद तरी असेल ना तुकड्यावर?" ट्रेवरचा आवाज बारीक झाला होता.

"आहे. उद्या खतात जाईल."

सूप त्यांनी स्वतःच वाढलं. कार्ड पातेल्याला टेकवून उभं केलं होतं, त्यामुळे रांगेतल्या प्रत्येकाला नाव वाचूनच वाटी पुढे करावी लागली. काहीजण पुटपुटले, "छान झालंय, ऑड्री." त्या नुसतीच मान हलवत होत्या. राग उतरलेला नव्हता. डाव पातेल्याच्या काठावर आपटत होता.

शेवटी ट्रेवर आले. उभ्या उभ्याच एक घोट घेतला. काहीतरी बोलायला हवं म्हणून म्हणाले, "मीठ जरा कमी आहे."

"नॉर्मनकडे माग," ऑड्रीबाई म्हणाल्या.