दाखव एक तरी झाड

लेमाराचं टाळकं सकाळपासून फिरलं होतं, आणि का फिरू नये? चाळीस वर्षं जिथं हाडं झिजवली, त्या जमिनीवरून तिला चालती हो म्हणणारा कोण, तर कालोताप! ज्याचा शेंबूड तिनं स्वतःच्या पदरानं पुसला, तो!

त्याचा बाप, म्हातारा सरदार, माणूस होता. वादळानं लेमाराचं बेट धुऊन नेलं तेव्हा ती आणि तिचा नवरा तारिमास होडीतून एफाते बेटाच्या या किनाऱ्याला लागले, अंगावरच्या कपड्यांनिशी. म्हाताऱ्यानं टेकडीवरचा तुकडा दिला. म्हणाला, "कोनफळ लावा, केळी लावा, पोटभर खा. फक्त खोडाचं झाड लावू नका." इथली रीतच ती. नारळ, आंबा, नीरफणस ज्यानं लावला, जमीन त्याची.

दोघांनी शब्द पाळला. सावलीपुरतंसुद्धा झाड लावलं नाही. भर उन्हात बसून केळीच्या पानात भाजलेलं, किसलेल्या कोनफळाचं लापलाप खाल्लं, पण लावलं नाही. पुढं तारिमास गेला, म्हातारा गेला. आणि आता शहरातल्या कुणा हॉटेलवाल्याला समुद्र दिसणारी जागा हवी, म्हणून हा नवा सरदार दारात उभा राहून विचारतो, "काकी, जमीन तुझी म्हणतेस? मग दाखव एक तरी झाड!"

म्हणजे शब्द पाळला तोच गुन्हा! वा रे न्याय!

लेमारानं कुदळ उचलली आणि भर दुपारी तडक कालोतापच्या अंगणात शिरली. तिथल्या मोठ्या नीरफणसाच्या मुळाला फुटलेलं एक रोप तिनं मातीसकट उपटलं. कालोतापची आई लेपाको ओट्यावर बसली होती. ती नुसती बघत राहिली.

टेकडीवर लेमाराचा खड्डा होईतो कालोताप चार माणसं घेऊन धावत आला.

"काकी, काढ ते रोप!"

"नाही काढत. काय करशील?"

"रीत ठाऊक नाही तुला?"

"ठाऊक आहे म्हणून तर लावतेय! झाड दाखव म्हणालास ना? घे, बघ डोळे भरून!"

"आणि वर माझ्याच अंगणातनं चोरून आणलंस?"

"तुझं अंगण?" लेमारा कंबरेवर हात ठेवून सरळ झाली. "लावणाऱ्याची जमीन, हीच रीत ना रे? मग तू जन्मलास तेव्हा तुझी नाळ पुरून तिच्यावर तो नीरफणस कुणी लावला? तुझ्या बापानं? विचार, आईला विचार!"

लेपाको धापा टाकत टेकडी चढून आली होती. लेकाकडं न बघताच म्हणाली, "तारिमासनं लावला. तुझ्या बापानंच बोलावलं होतं. त्याच्या हातचं झाड मरत नाही म्हणायचे."

चौघांतला एकजण फिस्सकन हसला. कालोतापचं तोंड एवढंसं झालं.

"मग आता काय, माझं घर घेणार काकी?"

"घाल तुझं घर चुलीत! मला माझं कोनफळ पुरत होतं. झाडाचं नाव तू काढलंस, मी नाही!" तिचा आवाज फाटला. "चाळीस वर्षं मी गप्प बसले रे. लाज नाही वाटली तुला?"

मग लेपाकोच कडाडली, "हॉटेलवाल्याला सांग जागा नाही म्हणून. जा! आणि आधी काकीला मदत कर."

कालोताप मान खाली घालून खड्ड्याशी बसला. ओंजळभर माती घेऊन रोपाच्या मुळाशी टाकायला गेला, तोच लेमारानं त्याच्या मनगटावर फाडकन चापट मारली.

"खबरदार हात लावशील तर! उद्या म्हणशील, झाड मीच लावलं."

आणि सगळी माती तिनं एकटीनं लोटली.