पट्टीखालचं नाव

उज्वलाच्या नाकावर राग असतो, असं नाशिक रोडची सगळी कॉलनी म्हणते. म्हणू दे बापडी. राग काय आकाशातून पडतो? त्याला कारण लागतं, आणि उज्वलाच्या घरात ते कारण रोज संध्याकाळी पायजमा घालून संगणकासमोर बसायचं. त्याचं नाव महेश. प्रेसमध्ये नोकरी, स्वभावानं गरीब, पान-तंबाखूचं नाव नाही. पण माणसाला एखादं चालतं यंत्र चालू ठेवता येऊ नये म्हणजे काय!

उज्वला येवल्याची. बापाचा हातमाग, घरातच. बाप खड्ड्यात पाय सोडून पैठणी विणायचा आणि ही शाळेतून आली की शेजारी बसून रेशमाच्या कांड्या भरायची. लग्न होऊन नाशिक रोडला आली तेव्हा जिन्याखालच्या जागेत तिनं फॉल-पिकोचं मशीन टाकलं. साडी हातात घेतली की तिला ती कुठली, कशी, कितपत खरी, सगळं कळायचं. कॉलनीतल्या बायका तिच्या तोंडाला घाबरायच्या आणि साड्या मात्र तिच्याकडेच टाकायच्या.

एकदा एक बाई लग्नाची पैठणी घेऊन आली. उज्वलानं पदर उलगडला आणि तिचा हात थांबला. पदरावरच्या पोपटांच्या माना मागं वळलेल्या. असे पोपट येवल्यात एकच माणूस काढतो, तो म्हणजे तिचा बाप.

"कोणाची हो ही?" तिनं विचारलं.

बाईनं नाशकातल्या एका दुकानाचं नाव सांगितलं.

"दुकान नाही विचारलं. विणली कोणी?"

"अगं बाई, ते कोण विचारतं?" बाई हसली.

उज्वलाच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. साडीवर दुकानाचा शिक्का, पिशवीवर दुकानाचं नाव, आणि ज्याची पाठ मागावर वाकली त्याचं नाव कुठंच नाही. फॉल तिनं नीट लावला, कारण साडी बापाची होती. पण त्या बाईशी ती पुन्हा धड बोलली नाही.

म्हणून त्या वर्षी, म्हणजे दोन हजार सातच्या उन्हाळ्यात, येवल्याहून बापाचा फोन आला तेव्हा ती मशीन सोडून उभीच राहिली.

"पोरी, टीव्हीवाले आले व्हते मागाकडं," म्हातारा सांगत होता. "लय येळ शूटिंग केलं. माझं नाव लिहून घेतलं. म्हने काका, तुमचा चेहरा आला की खाली नाव येईल. शनिवारी सकाळी दाखवनार हायेत."

"मग बघा की दादा!"

"कशाचं बघतो! त्या टायमाला हितं लाइट नसती. सकाळी जाती ती दुपारी उगवती. जावईबापूंच्या कॉम्प्युटरवर धरून ठेवता येईल का? आखाजीला येशील तेव्हा घेऊन ये. नाव तेवढं बघायचं हाय."

बापानं जन्मात लेकीकडं काही मागितलं नव्हतं. मागितलं ते हे.

आता महेशचं ऐका. वर्षभरापूर्वी त्यानं संगणकात टीव्हीचं कार्ड बसवलं होतं. केबलची वायर त्यात खुपसायची, की संगणकावर टीव्ही दिसायचा आणि रेकॉर्डही व्हायचा. कार्डाबरोबर एक साधं सॉफ्टवेअर आलं होतं. दिसायला ओबडधोबड, पण चॅनेल निवडा, वेळ टाका, झालं. उज्वला दुकानात असायची तेव्हा तिच्या मालिका त्यानं कधी चुकवल्या नाहीत. पण महेशला ते पुरेना. त्याला घरात 'मीडिया सेंटर' करायचं होतं. म्हणजे नक्की काय, ते देव जाणे. रोज इंटरनेटवर वाचायचं, रोज नवं सॉफ्टवेअर उतरवायचं, जुनं काढायचं, नवं घालायचं. एक सॉफ्टवेअर म्हणे जाहिराती आपोआप गाळतं. एक म्हणे एकाच वेळी दोन चॅनेल धरतं. कार्ड एकच होतं, तरी याला ते हवं होतं! एकानं तर पिन कोड विचारला, नाशिक रोडचा काही पचेना, तेव्हा यानं बिनदिक्कत लंडनचा घातला. मग महिनाभर आमटी ढवळता ढवळता उज्वलाला पडद्यावर लंडनचे कार्यक्रम वाचायला मिळत होते.

शेवटी कार्डाबरोबरचं ते ओबडधोबड जुनंच त्याला परत घालावं लागलं. हे सगळं तिनं सोसलं. पण बापाचा फोन आल्यावर तिनं महेशला समोर बसवून सांगितलं, "हे बघा, शनिवारपर्यंत त्या कॉम्प्युटरला हात लावायचा नाही. ते जुनंच बरं आहे. शनिवार जाऊ द्या, मग काय घालायचा तो गोंधळ घाला."

"अगं, तू कशाला काळजी करतेस?" महेश म्हणाला. "येवलेकरांचा कार्यक्रम म्हणजे आपलाच कार्यक्रम."

येवलेकर! बारा वर्षं झाली लग्नाला. सासऱ्याला यानं गावावरून कधी येवलेकर म्हटलं, कधी 'तुमचे म्हातारबुवा'. उज्वलाला ते कानात खडा गेल्यासारखं टोचायचं.

आणि शुक्रवारी संध्याकाळी ती दुकान बंद करून वर आली तर काय! पडद्यावर नवंच काहीतरी. निळंशार, गुळगुळीत, कार्यक्रमांची चित्रं सरकताहेत.

"जुनं कुठंय?"

"काढलं. दोन्ही असली की कार्डावरून भांडतात. पण हे बघ ना, चित्र किती स्वच्छ येतं! येवलेकरांचा रेशमाचा धागान् धागा दिसेल."

"रेकॉर्ड करून पाहिलं?"

"अगं, होतं ते. एवढी जगभरची माणसं वापरतात."

"मी विचारलं, पाहिलंत का करून?"

"उज्वला, तुला यातलं कळत नाही. उगाच डोकं खाऊ नकोस."

ती गप्प बसली. तिचं तिलाच पुढं कितीतरी दिवस नवल वाटत राहिलं, की आयुष्यभर तोंड चालवणारी आपण नेमक्या त्या संध्याकाळी गप्प का बसलो.

शनिवारी कार्यक्रम लागला. बाहेरच्या खोलीतल्या टीव्हीवर तिनं बाप पाहिला. नवा सदरा, कपाळाला बुक्का, हातात धोटा. आणि खाली पांढऱ्या अक्षरांत नाव आलं: बहिरू भिमाजी नागपुरे, विणकर, येवला. उज्वला मोठ्यानं रडली. शेजारची विमलाबाई धावत आली, तिला वाटलं कोणी गेलं की काय.

"माझ्या बापाचं नाव आलं हो!" एवढंच ती सांगू शकली.

डोळे पुसून ती आत गेली, म्हणाली, "लावा बघू."

महेशनं रेकॉर्डिंग लावलं. बाप आला, सदरा आला, धोटा आला. आणि पडद्याच्या खाली, या टोकापासून त्या टोकापर्यंत, एक जाडजूड निळी पट्टी. तिच्यावर इंग्रजीत लिहिलेलं, की हे फुकटचं ट्रायल व्हर्जन आहे, पूर्ण हवं असेल तर विकत घ्या. सुरुवातीपासून शेवटपर्यंत ती पट्टी हलली नाही. नाव तिच्याखाली आलं आणि तिच्याखालीच गेलं.

"नुसतं बघताना येत नव्हती गं पट्टी," महेश पुटपुटला. "रेकॉर्डमध्येच येते वाटतं."

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात, ती तिची गेली. "वाटतं? आत्ता वाटतं? काल विचारलं तेव्हा काय वाटत होतं? माझ्या बापाचं नाव आयुष्यभर दुकानदारांनी झाकलं. एकदा, फक्त एकदा उघडं झालं, तर ते झाकायला घरचा जावई निघाला! आणि कशानं? फुकटच्या पट्टीनं!"

महेशनं सोमवारी चॅनेलला मुंबईला फोन केला. कार्यक्रम पुन्हा दाखवणार नाही, प्रत देत नाही, असं उत्तर मिळालं. पट्टी पुसता येते का, म्हणून तो चार दिवस संगणकाशी झटला. नाही पुसली गेली. उज्वला त्याला जेवायला वाढत होती, पण ताट असं आदळत होती की वाटीतली आमटी उडून त्याच्या सदऱ्यावर जायची. तो सदरा पुसून जेवत राहायचा. अपराध कळत होता त्याला, एवढं म्हणावं लागेल.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, दोघं सीडी घेऊन येवल्याला निघाले. एसटीत ती एकदाच बोलली.

"पट्टीनं जे झाकलंय ते तुम्ही बोलायचं. सगळ्यांसमोर."

"बोलेन की," तो म्हणाला. त्याला ते सोपं वाटलं.

लाइट दुपारी आली तशी बहिरूच्या घरात गल्ली लोटली. मागाच्या खड्ड्याच्या काठावर पोरं बसली, उंबऱ्यात बायका. म्हाताऱ्यानं टीव्हीत दिसलेला तोच सदरा घातला होता, चष्मा धोतराच्या सोग्यानं तीन-तीनदा पुसला होता. सीडी लागली. "आला, आला, बहिरू आला!" एकच कल्ला झाला.

म्हातारा पुढं सरकला. पडद्याच्या खाली बोट नेऊन बघू लागला. "नाव कुठं हाय, पोरी? हे तर विंग्रजी दिसतं."

उज्वलानं रिमोटनं चित्र तिथंच थांबवलं.

"दादा, नाव झाकलं गेलंय. आमच्या घरून झाकलं गेलंय. म्हणून ते नाव जावई घेणार आहेत."

शेजारची कुसाबाई टाळी देऊन हसली. "अगं बया! आजवर पोरींनी नवऱ्याची नावं घेतली, आज जावई सासऱ्याचं नाव घेनार! घ्या जावईबापू, नाव घ्या! लाजू नका!"

"घ्या, घ्या!" बायकांनी गलका केला.

महेश उभा राहिला. घसा खाकरला.

"नागपुरे," तो म्हणाला.

"सबंध घ्या," उज्वला म्हणाली.

"बहिरू..." आणि तो थांबला. त्यानं उज्वलाकडं पाहिलं. मग छताकडं पाहिलं. बारा वर्षं ज्याच्या घरी दिवाळीला अभ्यंगस्नान केलं, धोतरजोडी घेतली, त्याच्या बापाचं नाव त्याला माहीत नव्हतं. कधी विचारलंच नव्हतं. टीव्हीवर आलं तेव्हा त्याचं लक्ष चित्र किती स्वच्छ आहे इकडं होतं.

उंबऱ्यातल्या बायका एकमेकींकडं बघू लागल्या. उज्वलानं ओठ घट्ट मिटले होते. ती सांगणार नव्हती.

तेव्हा खाली बसलेल्या म्हाताऱ्यानं, मान वर न करता, नव्या नवरीला मागून हळूच सुचवतात ना, तसं सुचवलं.

"भिमाजी."

"बहिरू भिमाजी नागपुरे," महेश तोंडातल्या तोंडात म्हणाला. "विणकर. येवला."

"मोठ्यानं," उज्वला म्हणाली. तिचे डोळे वाहत होते आणि राग तसूभर उतरला नव्हता. तिनं चित्र मागं नेलं. पुन्हा सदरा आला, पुन्हा धोटा आला, पुन्हा निळी पट्टी. "परत घ्या."

"बहिरू भिमाजी नागपुरे, विणकर, येवला!"

"परत."

म्हाताऱ्यानं लेकीच्या हातातला रिमोट काढून घेतला.

"बस, पोरी," तो म्हणाला. "गल्लीनं ऐकलं."