आवरणं आणि आवरतं घेणं

माझी थोरली बहीण कुणाच्या घरी दोन रात्रींपेक्षा जास्त राहिली नाही. तिसऱ्या दिवशी तिला स्वतःची कढई आठवायची. खुब्याचं हाड मोडलं आणि दवाखान्यातून तिला थेट मुलाकडे नेलं, तेव्हा मात्र राहावं लागलं. सून चांगली आहे. हातात चहा द्यायची आणि वर "आई, तुम्ही उठू नका" म्हणायची. अक्का मला म्हणाली, "चहा चांगला असतो रे. पण तो येईल तेव्हाच प्यावा लागतो."

घरी परतली ती काठी घेऊन. डॉक्टरांनी दोन गोष्टी बजावल्या होत्या. खाली वाकायचं नाही आणि स्टुलावर चढायचं नाही. तिचं स्वयंपाकघर एवढंसं. दोन माणसं आत गेली तर एकानं श्वास रोखून धरावा. निम्मं सामान डोक्याच्या वर फळीवर, निम्मं ओट्याखाली जमिनीवर. मध्ये, जिथे हात सहज पोचतो तिथे, एक कॅलेंडर आणि रिकामी भिंत.

मुलानं ते उभ्या उभ्या पाहिलं. तो वीजमीटर तपासतो. घरातलंही सगळं तपासतो, म्हणून आम्ही त्याला इन्स्पेक्टर म्हणतो. म्हणाला, "आई, आता आवरतं घे. पुष्कळ रांधलंस. चल कायमची आमच्याकडे."

"आवरते," अक्का म्हणाली.

"म्हणजे येतेस?"

"आवरते म्हणाले. आवरतं घेते असं नाही म्हणाले."

भांड्याला भांडं लागलं, आवाज झाला. शेवटी अक्कानंच तोड काढली. "येत्या रविवारी दोघं जेवायला या. मी एकटी रांधेन. तू दारात खुर्ची टाकून बस. माझ्यासाठी तुला एकदा जरी उठावं लागलं, तर माझी पेटी भर. मी तोंडातून शब्द काढणार नाही."

"तू आणि शब्द काढणार नाहीस," इन्स्पेक्टर म्हणाला. पण कबूल झाला.

मग तिनं मला बोलावलं. मी जन्मभर गोदामात पोती रचली. माल कसा लावायचा ते मला कळतं, असा माझा समज होता. मी डाळींजवळ डाळी ठेवल्या, पिठांजवळ पिठं. जड खाली, हलकं वर. घाम गाळला. अक्का खुर्चीत बसून बघत होती. संध्याकाळी म्हणाली, "छान दिसतंय. आता माझ्या खुर्चीत बस आणि एक कांदा परतून दाखव."

बसलो. तेल हाताशी होतं, कांदे जमिनीवर. वाकलो. सुरी फळीवर. उठलो. मीठ साखरेशेजारी, कारण दोन्ही पांढरं. कालथा माझ्या पाठीमागे. कांदा करपला.

"तुझ्या गोदामात माल झोपलेला असतो," अक्का म्हणाली. "माझा दिवसभर कामावर असतो. काढ सगळं."

काढलं. दुसऱ्या दिवशी तिनं माझ्या हातात खडू दिला. स्वतः शेगडीसमोर खुर्चीत बसली, डोळे मिटले आणि रिकाम्या हातांनी रांधायला लागली. कांदा नाही, भांडं नाही. हात उजवीकडे गेला. "तेल," ती म्हणाली. तिथे भिंतीवर मी फुली मारली. हात थोडा वर गेला. "कालथा." फुली. "मीठ." फुली. मिठाची फुली नेमकी कॅलेंडरवर आली. कॅलेंडर उतरवलं.

"हवेवरचा स्वयंपाक," मी म्हणालो. "पोट भरलं का?"

"गप. डाळ उतू जाते आहे."

फुल्या पडल्यावर काम सोपं झालं. सोपं म्हणजे कमी नव्हे. जुन्या झाडूचा दांडा फुल्यांच्या रांगेत आडवा बसवला. तारेचे आकडे वाकवले, त्यांवर कालथा, डाव, गाळणी टांगली. मुरंब्याच्या रिकाम्या बरण्या धुतल्या आणि तेल, मीठ, डाळी भरून आपापल्या फुलीपाशी मांडल्या. काच असल्यानं आत काय आहे ते लिहावं लागत नाही. झाकणं सगळ्यांत त्रासदायक. एक काढायला गेलं की चार अंगावर येतात. शेगडीशेजारच्या लहान कपाटाच्या दाराला आतून दोन खिळे मारले आणि मधे पायजम्याचं जुनं इलॅस्टिक ताणून बांधलं. झाकणं त्यात उभी राहिली.

"पायजमा कुणाचा?" मी विचारलं.

"तुझाच. मागं विसरून गेला होतास."

पिठाचा डबा जड. तो जमिनीवरच राहणार. फळकुटाला तुटलेल्या बाबागाडीची चाकं ठोकली, वर डबा ठेवला आणि कडीला दोरी बांधली. दोरीचं दुसरं टोक ओट्याच्या खिळ्याला. अक्कानं बसल्या जागी दोरी ओढली. डबा कुरकुरत तिच्या गुडघ्याशी आला. तिनं तो परत ढकलला आणि पुन्हा ओढला. मग पुन्हा एकदा.

उरलं फळीवरचं मोठं पातेलं. आमचं सगळं घर त्यातून जेवायचं. "ठेवू?" मी विचारलं.

ती पातेल्याकडे बघत राहिली. "ते काढायला माणूस लागतं," म्हणाली. "उतरव."

शनिवारपर्यंत ती रोज बसून रांधत होती. एकदा हात पोळला. तेलाची बरणी शेगडीपासून वीतभर लांब सरकवली.

रविवारी इन्स्पेक्टर दारात खुर्ची टाकून बसला, पाय पसरून. मागे सून उभी, तिच्या मागे मी. अक्कानं दोरी ओढली, पीठ आलं. डावा हात न बघता मिठावर गेला. रस्सा चढला, भात चढला. तिनं कपाटाचं दार उघडलं, इलॅस्टिकमधून झाकण ओढलं, आणि ते निसटलं. ठणठणत फरशीवर गोल फिरलं आणि इन्स्पेक्टरच्या पायाशी येऊन पडलं.

तो अर्धा उठला.

"बस," अक्का म्हणाली.

"अगं, तुला वाकता येत नाही."

"वाकतंय कोण?" तिनं हाताशी असलेलं ताट उचललं आणि भातावर पालथं घातलं. "पडलेलं झाकण पडलेलंच बरं. बस, मला उजेड येऊ दे."

तो बसला. झाकण जेवणं होईपर्यंत तिथेच पडून होतं. कुणी हात लावला नाही. रस्सा किंचित खारट झाला होता. मी सांगितलं. ती म्हणाली, "मिठाची फुली जरा जास्तच जवळ आली आहे."

जेवणं झाल्यावर इन्स्पेक्टरनं झाकण उचललं आणि नळाखाली धुतलं. एरवी तो वस्तू त्याला वाटेल तिथे ठेवतो. आज हातात धरून उभा राहिला.

"आई, हे कुठे ठेवू?"

तिनं काठीनं कपाटाच्या दाराचं इलॅस्टिक दाखवलं. त्यानं झाकण उलटं खुपसलं, ते बाहेर आलं. नीट फिरवून पुन्हा बसवलं.

"पेटी?" मी विचारलं.

"मामा, गप बसा," तो म्हणाला.

पातेलं अक्कानं सुनेला दिलं. नवरा-बायको निघाले. इन्स्पेक्टर ते डोक्यावर घेऊन जिना उतरत होता, आणि वर दोरी ओढल्याचा कुरकुर आवाज आला. उद्याचं पीठ काढणं चाललं होतं.