म्हशीच्या पैशाची सायकल

कोणतीही वस्तू विकत घेण्याआधी शालनवन्सं ती दाबून बघत. कलिंगड, गादी, प्लास्टिकची खुर्ची, सगळं. माझ्या मुलीला बघायला आलेल्या मुलाच्या खांद्यावरही त्यांनी हात ठेवून चांगला भार दिला होता. पाहुणे गेल्यावर म्हणाल्या, "खचत न्हाई. द्या." जावई अजून खचलेला नाही, हे मान्य करावं लागतं.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण, चाकणच्या पुढच्या एका गावात दिलेली. सासरची जमीन कंपन्या आणि प्लॉटवाल्यांमध्ये संपत गेली. टेकडीवरचा चिकूच्या झाडांचा एक तुकडा तेवढा राहिला. तिथे जायला नुसती दगडगोट्यांची वाट. वन्सं रोज जुन्या सायकलवरून जायच्या. मग कंबर धरली आणि डॉक्टरांनी धक्के बंद करायला सांगितले. मुलगा म्हणाला, "आई, तुला जाता येतंय तोवर रान तुझं. जमेना झालं की गोदाम बांधणाऱ्याला देऊ." पोरगा वाईट नव्हता. शिफ्ट नसेल तेव्हा गाडीवरून सोडीन असंही म्हणाला. पण वन्संचा हिशेब वेगळा. "त्याच्या मागं बसून गेले, की त्याच्या सवडीनं जायचं," त्या मला म्हणाल्या. नुकतीच म्हैस विकली होती. त्या पैशात, आणि त्याच पैशात, कंबर सांभाळणारी सायकल हवी होती.

मी तेव्हा जेमतेम साठीची, म्हणजे अक्कल यायची होती. संत तुकाराम नगरातल्या फ्लॅटमध्ये मोबाइलवर व्हिडिओ बघून आठवड्याभरात मी सायकलतज्ज्ञ झाले. पुढे-मागे दोन्हीकडे स्प्रिंगा असल्या की त्याला फुल सस्पेन्शन म्हणतात, ती डोंगरातले धक्के गिळते, हे मी दूधवाल्यालाही ऐकवलं होतं. स्वतः सायकलवर शेवटची बसले होते ती शाळेत असताना.

मुहूर्त दसऱ्याचा, तोही मीच काढलेला. पिंपरीतल्या दुकानात एक लालभडक नवी कोरी सायकल दिसली. जाडजूड स्प्रिंगा, आणि म्हशीच्या पैशात बसणारी. वन्संनी सीट दाबली. सायकल खाली गेली, वर आली, परत खाली गेली. तोवर मी पिशवीतून झेंडूचा हार काढून हँडलला घातलासुद्धा, वर हळदकुंकू. दुकानदाराचा चेहरा पडला. तो सांगत होता की एवढ्या पैशात दोन्हीकडे स्प्रिंगा म्हणजे त्या हलक्याच असणार, मारलेलं पॅडल त्यांच्यातच जिरणार. आणि आता कुंकू लावलेली सायकल तो दसऱ्याच्या दिवशी दुसऱ्याला कशी विकणार?

वन्सं शांतपणे म्हणाल्या, "सुमन, ही म्हशीवानी डुलती. मला रानात जायाचंय, झुलाया न्हाई." त्यांनी हार उतरवला, पदराने कुंकू पुसलं आणि सायकलीला हात जोडले. "बाई, चांगल्या घरी पड."

कोपऱ्यात हिंजवडीच्या कुणा इंजिनिअरने विकायला ठेवलेली, दोन्हीकडे स्प्रिंगांचीच पण वापरलेली म्हणून त्याच पैशात बसणारी एक सायकल होती. रंग उडालेला, स्टँड नाही. वन्संनी दाबली. ती दबली, वर आली आणि तिथेच थांबली. मी कुजबुजले की दसऱ्याला जुनी वस्तू कोण घेतं, लोक काय म्हणतील.

"म्हस काय कुनी नवी घेतं व्हय? दुसऱ्या-तिसऱ्या वेताचीच बघून घेत्यात," वन्सं म्हणाल्या. "स्टँड नसू दे. झाडाला टेकवीन."

तोच हार तिला चढला. वन्सं नऊवारीचा काष्टा मारून त्या सायकलवरून पुढे कितीतरी वर्षं रानात गेल्या. त्या तिच्या स्प्रिंगांच्या दांड्यांना गोडंतेल चोळत. धूळ चिकटते म्हणून मेकॅनिक दरवेळी हात जोडून नको म्हणायचा, आणि वन्सं दरवेळी हो म्हणून पुन्हा चोळायच्या. पोराने गोदामाचा विषय काढला की दारात जाऊन सायकलची घंटी वाजवायच्या. एवढंच उत्तर.

मग एका सकाळी त्यांनी मला बोलावून घेतलं. चढावर त्या सायकल हातात धरून चालत होत्या, दर वळणाला थांबत होत्या. चिकूखाली बसल्यावर म्हणाल्या, "उद्या पोराला सांगनार हाय, रान दे म्हनून. धक्के समदे हिनं खाल्ले. चढ मलाच चढायचा हुता, त्यो आता हुईना."

मी समजूत घालायला तोंड उघडलं, तर त्यांनी हातात चिकू ठेवला.

वन्सं पुढच्या उन्हाळ्यात गेल्या. झाडं त्यांच्या आधी गेली.

त्या सकाळी निघताना त्यांनी मलाच सायकलवर बसवलं. "उतार हाय. पॅडल मारू नगं, निसती बस." सत्तरीकडे झुकलेली मी, दोन्ही ब्रेक दाबून, देवाचं नाव घेत खाली आले. आश्चर्य म्हणजे कंबरेला काही कळलं नाही. त्यांना सांगावं म्हणून वळून पाहिलं. त्या अजून वरच होत्या, माझ्याकडे पाठ करून, झाडांकडे बघत.

मी, जी दूधवाल्यालाही सोडत नाही, तिने हाक मारली नाही. सायकल धरून उभी राहिले, त्या स्वतःहून वळेपर्यंत.